चाळिशीनंतर पेटी शिकायची असेल तर: ठाण्यातल्या एका छोट्या क्लासबद्दल

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर पेटीचा (हार्मोनियमचा) क्लास चालतो, फक्त मोठ्यांसाठी, म्हणजे तिशीच्या पुढचे आणि ज्यांना सारेगमसुद्धा धड येत नाही असे. गेलं वर्षभर मी तिथे जातेय आणि बऱ्याच मैत्रिणी विचारतायत की नेमकं काय शिकवतात, एवढं काय आहे त्यात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. क्लासचं नाव देत नाहीये कारण शिकवणाऱ्या ताईंकडे आधीच वेटिंग असतं आणि जाहिरात नको असं त्यांनीच सांगितलंय. पण असे घरगुती क्लास पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात, कोल्हापुरात सगळीकडे आहेत, तेव्हा तुमच्या गावात शोधताना काय बघायचं ते तरी कळेल.

आधी मी का गेले ते थोडक्यात. मी अकाउंट्समध्ये आहे, काम आवडतं, घरी सगळं व्यवस्थित आहे. तरी मधला काही काळ असा गेला की ऑफिस, ट्रेन, स्वयंपाक, मोबाइल, झोप ह्यापलीकडे काही उरलंच नव्हतं. पिक्चर लावला तरी हातात फोन, कुठे फिरायला गेलो तरी परत कधी निघायचं हे डोक्यात, कोणी विचारलं तुला काय करायला आवडतं तर उत्तरच सुचायचं नाही. आजोळी गुरुवारी भजन असायचं आणि पेटी वाजवणाऱ्या मामाच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून आम्ही पोरं भांडायचो, तेवढं एक आठवलं आणि त्यावर मी चौकशी केली. (झोप-भूक उडालीय, सारखं रडू येतंय, जगणंच नको वाटतंय अशी अवस्था असेल तर प्लीज आधी डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे फोन करा. छंद नंतर. तो औषधाच्या जागी नाही.)

क्लास शनिवार-रविवार सकाळी, एक एक तास. बॅचला सहा जण, सहा पेट्या तिथेच ठेवलेल्या, म्हणजे पहिल्याच दिवशी विकत घेऊन जायची गरज नाही. फी महिन्याला १,५०० आणि घरी सरावाला पेटी हवी असेल तर वर ५०० भाड्याचे. परीक्षेची सक्ती नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात ना, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, त्या पेटीच्याही देता येतात आणि ज्यांना द्यायच्यात त्यांची ताई वेगळी तयारी करून घेतात, पण कोणालाही त्या वाटेला ढकलत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या बॅचमधले बहुतेक जण आयुष्यभर टार्गेट, अप्रेझल, मुलांचे मार्क ह्यातच राहिलेले, तिथे परत सर्टिफिकेट मागे लागलं असतं तर अर्धे पहिल्या दोन महिन्यांतच गळले असते.

पहिला महिना जवळजवळ फक्त भाता. खरंच. डाव्या हाताने भाता हलवायचा, उजव्या हाताने एकच पट्टी, पांढरी एकचा (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) सा, आणि मोबाइलवर तानपुरा लावून तो सा धरून बसायचं. मला वाटलेलं कंटाळा येईल, पण ताईंनी पेटी उघडून आतलं दाखवलं आणि मला त्यात गंमत वाटायला लागली. बाहेरचा भाता आपण हलवतो तो, आणि आत खाली स्प्रिंगवर बसवलेला दुसरा भाता असतो, हवा आधी तिथे साठते आणि मग पितळी सुरांमधून (आवाज काढणाऱ्या पातळ पितळी पात्या, त्यांनाच सूर म्हणतात) बाहेर पडते. त्यामुळे बाहेरचा भाता धपाधप मारायची गरज नसते, थोडासा उघडायचा, शांतपणे मिटायचा, बस. जोरात दाबला की आवाज फुगतो, हात थांबला की सूर मरतो, आणि हे सगळं तुम्हाला तिथल्या तिथे ऐकू येतं. मन घाईत असलं की भाता घाईत. आठवडाभर कोणी काही विचारत नाही तुम्ही कसे आहात, पण सा धरला की दहा सेकंदांत कळतं.

मग अलंकार, म्हणजे सुरांचे सरावाचे ठरलेले क्रम. सारेग, रेगम, गमप, तेच उलटे, मग सारेसारेग असे, सगळं इतक्या हळू लयीत की सुरुवातीला बोटं शिवशिवतात. बोटं बदलताना अंगठा खालून आणायचा, मनगट वर उचलायचं नाही, पट्टीवर बोट आपटायचं नाही, नुसतं टेकवून दाबायचं. ताई बोटांकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त बघतात. कोणाचा जबडा आवळलाय, कोणी श्वास धरून बसलंय, ते त्यांना दिसतं, आणि मग त्या फक्त 'थांबा जरा, पाणी प्या' म्हणतात. ओरडत नाहीत. साठीच्या काकांनाही नाही आणि पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेल्या काकूंनाही नाही. आम्ही सगळे एकाच सारेगमवर अडकलेलो असतो त्यामुळे कोणाला कोणाची लाज पण वाटत नाही.

आता ह्या क्लासची खरी वेगळी गोष्ट, ज्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय. रियाजाची वही. साधी दोनशे पानी वही, डाव्या पानावर आज काय वाजवलं (अलंकार कुठला, लय किती, कुठे अडकलं) आणि उजव्या पानावर वाजवताना डोक्यात काय चालू होतं, एक-दोन ओळी, जास्त नाही. ती वही ताई वाचत नाहीत. महिन्यातून एकदा आपली आपण सगळी वाचायची आणि क्लासमध्ये वाटलं तर बोलायचं, नाही वाटलं तर नाही.

माझ्या उजव्या पानावर सुरुवातीला असंच काहीबाही असायचं. भाता जोरात, ऑफिसचं डोक्यात. आज प वर थांबून राहिले, छान वाटलं. रे-ग मध्ये घाई, आईला फोन करायचा राहिला. काही महिन्यांचं एकदम वाचलं तेव्हा मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. दर महिन्याला पंधरा ते वीस तारखेच्या मधे सगळीकडे घाई घाई घाई. वीस तारीख म्हणजे आमच्याकडे जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नची तारीख, अकाउंट्सवाल्यांना सांगायला नको. मी इतकी वर्षं समजत होते की माझा स्वभावच चिडका झालाय, वयाने असेल, दगदगीने असेल. वहीत तारखांसकट लिहिलेलं होतं म्हणून कळलं की चिडचिड महिनाभर नसतेच, तेवढे पाच-सहा दिवस असते, आणि तिचं कारण व्हेंडरची बिलं शेवटच्या क्षणी येतात हे आहे. मी ऑफिसात बोलले, बिलांचा पाठपुरावा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणला, दोन महिने लागले सगळ्यांना सवय व्हायला पण झालं. ही गोष्ट मला कुठलं मोटिव्हेशनल व्हिडिओ बघून कळली नसती. मनाचं निरीक्षण करा असं नुसतं सांगितलं तर मी डोळे मिटून बसले असते आणि किराण्याची यादी आठवली असती, पण इथे हातात काम आहे, कानात सूर आहे, आणि त्याच्या कडेला मन काय करतंय ते नोंदवायचंय. हे जमतं. बॅचमधल्या जवळपास प्रत्येकाला ह्या वहीतून स्वतःबद्दल काहीतरी सापडलंय, एका काकांना कळलं की रिटायर झाल्यापासून त्यांचे सगळ्यात वाईट दिवस सोमवार असतात, मग त्यांनी सोमवारी सकाळी जुन्या मित्रांबरोबर तलावपाळीला फेरी मारायचं ठरवलं.

सहाव्या महिन्याच्या आसपास राग सुरू झाले आणि तिथे एक असा तास झाला की मी घरी जाताना रिक्षा न करता चालत गेले. ताईंनी सांगितलं आज पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. पेटीच्या एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच, डावीकडून काळी एक ते काळी पाच. काळी तीनला सा धरा आणि पुढच्या काळ्या पट्ट्या ओळीने वाजवा, सा रे ग प ध, झाला भूप. आता त्याच पाच पट्ट्या, फक्त सा हलवून काळी एकवर आणा, सा रे म प ध, दुर्गा. काळी चारला सा धरला की सा रे म प आणि कोमल नी, मेघाचे किंवा मधमाद सारंगाचे सूर. काळी दोनला सा, सा कोमल ग म प कोमल नी, धानी. आणि काळी पाचला सा धरला की मालकंस. मालकंस! पट्ट्या त्याच, बोटं तीच, एक सूर बदलला नाही, फक्त पाय कुठे रोवून उभं राहायचं तेवढं बदललं आणि सकाळी दहा वाजता त्या खोलीत मध्यरात्र झाली. ह्याला मूर्च्छना म्हणतात आणि संगीतातल्या लोकांना हे अगदी प्राथमिक आहे, पण मला त्या दिवशी जे वाटलं ते मी विसरणार नाही. (राग म्हणजे नुसते सूर नाहीत, चलन (सुरांची चाल), न्यास (थांबायच्या जागा), वादी-संवादी (महत्त्वाचे दोन सूर) सगळं आलं, ते ताईंनी पुढचे कितीतरी महिने शिकवलं, अजून शिकवतायत. पण कानाचं दार त्या तासाला उघडलं.) घरी येऊन दुपारी तेच वाजवत बसले आणि फोन कुठे ठेवलाय हे संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

ताई अधूनमधून जुनी रेकॉर्डिंग ऐकवतात, आणि पेटीची गोष्ट सांगतात ती पण ऐकण्यासारखी आहे. युरोपातून आलेलं हे वाद्य, तिकडे पायाने हवा भरायचे, आपल्याकडे कोलकात्यात हाताच्या भात्याची पेटी तयार झाली आणि मग नाटक, कीर्तन, भजन, लावणी सगळीकडे शिरली. पण १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती ढिली व्हायला १९७१ उजाडलं. कारण काय तर पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येत नाही, सूर ठरलेले, दोन सुरांच्या मधली जागा दाखवता येत नाही. आणि त्यात तथ्य आहे हे ताईंनी ऐकवूनच पटवलं, तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार आणि पेटीचा गंधार एकत्र लावा, पेटीचा सुमारे १४ सेंटने चढा असतो (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), कान जरा तयार झाला की खुपतो. ह्यावर उपाय म्हणून डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची (सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागांची) पेटी बनवली. आणि दुसऱ्या बाजूला असं की एवढ्या मर्यादा असलेल्या वाद्यातून गोविंदराव टेंब्यांनी (१८८१ ते १९५५) काय काय काढलं, पी. मधुकरांनी काढलं, मधुकरांचे शिष्य, आपल्या गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, भीमसेनांच्या मागे साथीला अप्पा जळगावकर. आणि पुलंची पेटी तर घराघरात माहीत आहे. नोकरी-लेखन-भाषणं सगळं सांभाळून माणूस पेटीपाशी किती रमू शकतो ह्याचं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. ह्या लोकांना ऐकायला लागल्यापासून माझ्या ट्रेनच्या प्रवासाचा रंगच बदलला, आधी रील्स बघायचे, आता कोणी पट्टीवरचं बोट सोडताना सूर कसा विरवला ते परत परत ऐकते.

पेटी विकत घेणार असाल तर. तीन-चार महिने भाड्याचीच वाजवा, टिकतोय का बघा, मग घ्या. मी साडेतीन सप्तकांची, दोन ओळी सुरांची, खर्ज (खालच्या आवाजाची) आणि नर (मधल्या आवाजाची), सागवानी, सेकंडहँड घेतली आणि मला ती पुरते. एका दुकानात मला स्केल चेंजरच घ्या म्हणून फार आग्रह झाला. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सगळी फळी सरकते, त्यामुळे तीच बोटं ठेवून सा बदलता येतो, गायकाला साथ करणाऱ्यांना सोयीची, पण वजन जास्त, किंमत जास्त, आणि शिकणाऱ्याने प्रत्येक पट्टीला सा धरून वाजवायचा कंटाळा करू नये असं ताईंचं स्पष्ट मत आहे आणि मला ते पटतं. बघताना सगळे स्टॉपर (समोरच्या, हवा सोडायच्या खुंट्या) बंद करून भाता भरा, हवा लगेच निसटली तर कुठेतरी गळती आहे. मग एकेक पट्टी दाबून ऐका, फुसफुस येते का. दोन ओळींचा एकच सूर एकत्र लावल्यावर आवाजात लाटा ऐकू आल्या तर सूर हललेत. पालिताण्याचे सूर आहेत म्हणून सांगतात, गुजरातमधलं पालिताणा त्यासाठी प्रसिद्ध आहेच, पण नावावर न जाता कानाने ठरवा, किंवा ओळखीच्या वाजवणाऱ्याला बरोबर न्या. आणि पावसाळा! जुलैमध्ये ठाण्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. भिंतीला चिकटून ठेवू नका, आत सिलिकाच्या पुड्या टाका, उन्हात तर चुकूनही वाळवू नका, आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रोज वाजवा. सूर लावायला कारागीर घरी येतात, सूर टोकाला घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो, आमच्याकडे आलेले काका ते काम करताना मी सगळं सोडून समोर बसले होते, सासूबाई पण बसल्या. त्या हल्ली मी भूप वाजवायला लागले की आतून गुणगुणतात, आधी नुसत्या ऐकायच्या.

आता खटकणाऱ्या गोष्टी पण सांगते. बिल्डिंगला लिफ्ट नाही, जिने उंच आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर विचार करा, कारण पुढे तासभर मांडी घालून बसायचं असतं (खुर्ची-टेबलाची सोय मागितली तर करतात, पण एकच जागा आहे). खोलीला रस्त्याची खिडकी, त्यामुळे रविवारी ठीक पण शनिवारी हॉर्न फार. चुकलेला तास भरून मिळत नाही, मार्च एंडला माझे तीन तास गेले ते गेलेच, फी पूर्ण. तास रेकॉर्ड करू देत नाहीत, इथे माझं ताईंशी जमत नाही, त्यांचं म्हणणं रेकॉर्डिंग आहे म्हटलं की माणूस ऐकायचं थांबवतो, बरोबर असेल, पण घरी आल्यावर चाल विसरली की हळहळ वाटते. आणि ताल फार उशिरा येतो. दादरा, केरवा पाचव्या-सहाव्या महिन्यात, तीनताल त्याच्याही नंतर. मला वाटतं तबल्याचा ठेका लावून अलंकार दुसऱ्या महिन्यापासून करून घ्यायला हवेत, नाहीतर स्वतःच्या मनासारखं थांबायची सवय लागते आणि मग सोळा मात्रांच्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचं म्हटलं की धांदल उडते. मी हे ताईंना सांगितलंय, नव्या बॅचला त्या जरा आधी सुरू करणार आहेत म्हणाल्या.

पैशांचा हिशोब मांडला तर वर्षाची फी १८,००० होते, पेटी वेगळी. कमी नाही. पण ह्यात मी जिमची न वापरलेली मेंबरशिप बंद केली आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही, चालणं वाढलंय माझं.

कोणाला जमणार नाही? ज्यांना तीन महिन्यांत गणपतीच्या आरतीला पेटी वाजवायची आहे त्यांना. तसे क्लास पण असतात, थेट गाणी शिकवतात, त्यात वाईट काही नाही, तुम्हाला ते हवं असेल तर तिकडेच जा. इथे पहिलं पूर्ण गाणं वाजवायला आठ-नऊ महिने लागतात. ज्यांना वही लिहायला आवडत नाही त्यांनीही आधी ताईंशी बोलून घ्या, कारण त्यावर त्या ठाम आहेत. आणि ज्यांच्या घरी अर्धा तास कोणी हाक मारणार नाही अशी वेळच निघत नाही त्यांनी आधी घरी बोला, माझ्याकडे संध्याकाळी साडेआठ ते नऊ असं ठरलंय, मुलगा स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतो, नवरा दूध आणतो, पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, आता झाली सवय.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा तालाचा कापला.

तुमच्या भागात असा क्लास शोधत असाल तर फोनवर तीन गोष्टी विचारा: बॅचमध्ये किती जण, मोठ्यांना वेगळं बसवता का, आणि एक तास नुसतं बसून ऐकू देता का. तिसऱ्याला नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघा. आमच्या ताईंकडे नवीन बॅच दिवाळीनंतर सुरू होते, त्याआधीच्या कुठल्याही रविवारी मागे बसून ऐकता येतं, त्याचे पैसे घेत नाहीत, फक्त वेळेवर या, तानपुरा लागल्यावर दार बंद करतात.